‘आत्ता सापडला होय?’

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक ५८ वर्षांचे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात राहतात, गेल्या वर्षी निवृत्त झाले. घरात पहिल्यापासून भावगीतं आणि नाट्यसंगीत. इंग्रजी गाण्यांशी संबंध आला तो इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, तोही नाइलाजाने. १९८६ साली त्यांचा रूम पार्टनर नील यंग नावाच्या कॅनेडियन गायकाची एकच कॅसेट रात्ररात्र वाजवायचा. एका बाजूला ‘हार्वेस्ट’, दुसऱ्या बाजूला ‘ऑन द बीच’. आवाज चिरका, थरथरता. ‘बकरा लागला ओरडायला’ म्हणून पत्रलेखक कानावर उशी दाबायचे, आणि पुढे त्या मित्राचंच नाव ‘बकरा’ पडलं. गेल्या दिवाळीत पुण्यात लेकीच्या गाडीत ‘हार्वेस्ट मून’ लागलं आणि तो आवाज त्यांनी दुसऱ्या ओळीला ओळखला. तेव्हापासून ते एकेक करत या माणसाचे जुने अल्बम ऐकताहेत, रोज दोन-तीन तास. बायको वैतागली आहे, लेक हसते आहे. जुन्या मित्रांच्या ग्रुपवर विषय काढला तर एकाने लिहिलं, ‘आत्ता सापडला होय?’ चाळीस हजारांचा रेकॉर्ड प्लेअर घ्यावा का? चाळीसहून जास्त अल्बम कुठून कुठे ऐकावेत? आपल्या तरुणपणी आपण जे ऐकलंच नाही त्याची आता हुरहुर लागणं हा खोटेपणा आहे का? आणि जाता जाता: त्या रूम पार्टनरचा नंबर मिळालाय, तीस वर्षांत बोलणं नाही, ‘कुठल्या तोंडाने फोन करू?’

नमस्कार,

तुमचं पत्र पाच पानी आहे. त्यातली साडेचार पानं नील यंग आहे आणि मित्र शेवटच्या अर्ध्या पानात, तोही ‘ता. क.’ म्हणून. ते माझ्या लक्षात आलंय. पण तुम्ही ज्या क्रमाने विचारलंय त्याच क्रमाने येतो, कारण फोनचं उत्तर बरंचसं वाटेतच मिळेल.

‘उशीर’ हा शब्द तुम्ही सात वेळा वापरलाय. मोजले. तेव्हा आधी जरा हिशेब करू. ‘हार्वेस्ट’ आला फेब्रुवारी १९७२ मध्ये. ‘ऑन द बीच’ जुलै १९७४ मध्ये. तुमचा मित्र ती कॅसेट वाजवत होता १९८६ साली. म्हणजे ज्याला तुम्ही ‘वेळेवर पोचलेला’ समजता तो स्वतः एका अल्बमला चौदा वर्षं आणि दुसऱ्याला बारा वर्षं उशिरा आला होता. नील यंगने ती गाणी केली तेव्हा तुम्ही दोघंही पाटी-दप्तरातले. त्यानेही कुठून तरी, कोणाच्या तरी एलपीवरून भरून आणलेली कॅसेट होती ना ती? मग त्याच्या आधी ज्याच्याकडे एलपी होती त्याने तुमच्या मित्राला ‘आत्ता सापडला होय?’ असं म्हटलं नसेल कशावरून.

वेळेवर पोचलेल्यांचं काय झालं तेही ऐका. १९७२ साली ‘हार्वेस्ट’ अमेरिकेत त्या वर्षीचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम होता आणि त्यातलं ‘हार्ट ऑफ गोल्ड’ पहिल्या क्रमांकावर गेलं. लोकांना अजून तसलंच हवं होतं. त्या नोव्हेंबरात नव्या दौऱ्याची तालीम नील यंगच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवर सुरू होती. त्याच्या ‘क्रेझी हॉर्स’ या बँडचा गिटारवादक डॅनी व्हिटन नशेपायी इतका खचला होता की साधे कॉर्ड हाताला लागेनात. नील यंगने त्याला पन्नास डॉलर आणि विमानाचं तिकीट हातात ठेवून घरी पाठवलं. त्याच रात्री लॉस एंजेलिसमध्ये तो वारला. पुढच्या वर्षी जूनमध्ये ब्रूस बेरी हा त्यांच्या दौऱ्यांतला सामानसुमान सांभाळणारा सोबतीही हेरॉइनने गेला. या सगळ्याच्या पोटातून जे तीन अल्बम आले, ते म्हणजे ‘टाइम फेड्स अवे’, ‘ऑन द बीच’ आणि ‘टुनाइट्स द नाइट’. दौऱ्यात लोक ‘हार्वेस्ट’ची गोड गाणी ऐकायला यायचे आणि स्टेजवरून अनोळखी, कर्कश, नवीनच काहीतरी अंगावर यायचं. ‘टुनाइट्स द नाइट’ १९७३ मध्ये रेकॉर्ड होऊन १९७५ पर्यंत पडून राहिला. या तिन्हींतला एकही ‘हार्वेस्ट’च्या जवळपास खपला नाही. नंतर त्याने स्वतःच लिहिलं की ‘हार्ट ऑफ गोल्ड’ने मला रस्त्याच्या मधोमध आणून सोडलं, तिथे लवकरच कंटाळा आला, म्हणून मी गाडी कडेच्या चरात घातली, तिथे हादरे जास्त बसले, पण माणसं भारी भेटली. तेव्हापासून या तिघांना ‘चरातले अल्बम’ म्हणतात.

म्हणजे जे नेमके वेळेवर हजर होते त्यांच्यातल्या पुष्कळांनी नाक मुरडून रेकॉर्ड परत कपाटात ठेवली. ‘ऑन द बीच’ तर सीडीवर २००३ सालापर्यंत आलाच नाही, आणि ‘टाइम फेड्स अवे’ला २०१७ उजाडलं. खुद्द नील यंगच याबाबतीत अवलिया आहे. १९७४-७५ मध्ये केलेला ‘होमग्रोन’ नावाचा आख्खा अल्बम त्याने बाजूला टाकला, कारण तो फार खाजगी वाटला, आणि तो बाहेर काढला थेट २०२० साली. पंचेचाळीस वर्षं! कोणत्या तोंडाने कोण कोणाला ‘आत्ता?’ म्हणणार.

आता तो हुरहुरीचा मुद्दा. तुम्ही लिहिता, ‘जे तरुणपण मी जगलोच नाही त्याच्यासाठी गळा दाटून येतो, हे नाटक तर नाही?’ मला यातलं एक गृहीतक खटकतं: की रॉक हे तरुणपणी ऐकायचं असतं, आणि ज्याने तेव्हा ऐकलं त्याचाच त्याच्यावर सातबारा. हा नियम तुम्ही दुसऱ्या कुठल्या संगीताला लावता का? तुमच्याच घरात नाट्यसंगीत होतं. बालगंधर्व १९६७ मध्ये गेले. तुमचा जन्म त्यानंतरचा किंवा फार तर त्याच्या आगेमागेचा. त्यांची पदं लागली की तुमचे वडील हातातलं काम थांबवायचे असं तुम्हीच लिहिलंय, आणि वडिलांनी तरी त्यांना ऐन भरात रंगभूमीवर पाहिलं होतं का? बहुतेक नाही; घासलेल्या तबकड्याच ऐकल्या असतील. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हा गळा दाटणं खोटं आहे.

खरं सांगायचं तर तुम्हाला त्या तरुणपणाची हुरहुर लागलीय यावरच माझा विश्वास नाही. ‘ओल्ड मॅन’ हे गाणं तुम्ही तीनदा उल्लेखलंय, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

१९७० साली नील यंगने उत्तर कॅलिफोर्नियात एक रँच विकत घेतली. पैसे नुकतेच आले होते, वय चोवीस. त्या जागेसोबत तिथला जुना रखवालदारही आला. लुई आव्हिला नाव, बायकोबरोबर तिथेच राहायचा. त्याने नव्या मालकाला जुन्या जीपमध्ये घालून सगळी जागा दाखवली, टेकाडावर नेलं आणि विचारलं, की तुझ्यासारख्या पोरगेल्या माणसाकडे असली जागा घेण्याइतके पैसे आले कुठून? नील म्हणाला, नशीब, लुई, निव्वळ नशीब. म्हातारा म्हणाला, असलं काही मी बापजन्मात ऐकलं नाही. त्या म्हाताऱ्यासाठी ते गाणं आहे. चोवीस वर्षांचा मुलगा म्हाताऱ्याला सांगतोय की माझ्याकडे बघ, मी बराचसा तुझ्यासारखाच आहे. मागे जेम्स टेलर बँजो वाजवतोय, आणि तो आणि लिंडा रॉनस्टॅट ध्रुवपदाला आवाज लावताहेत.

हे गाणं विशीत ऐकणारा माणूस आपसूक गाणाऱ्याच्या बाजूने ऐकतो. तुमच्या मित्राने तसंच ऐकलं असणार. तुम्ही ते पहिल्यांदा नीट ऐकलंत अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्तीनंतर, आणि तुम्ही जीपच्या दुसऱ्या सीटवर बसला आहात. स्टिअरिंग धरून शेजारच्या पोराकडे बघणारे. ते जर गळ्याशी आलं असेल तर ते आजच्या तुमचं आहे, १९८६ च्या तुमचं नाही. आणि ही जागा तेव्हा कॅसेट ऐकून मिळणार नव्हती. तुमच्या मित्रालाही त्या गाण्याकडे आता पुन्हा जावं लागेल. गेला असेल तर.

(हे लिहिताना मलाही थोडं कबूल करायला हवं. मी ‘हार्वेस्ट’ तिशीत घेतला, आवडला, आणि वर्षानुवर्षं त्या एका अल्बमवर नील यंग ‘कळल्याच्या’ थाटात बोलत राहिलो. ‘टुनाइट्स द नाइट’ पहिल्यांदा पूर्ण ऐकला तेव्हा पंचेचाळीस उलटली होती. एका गाण्यात वरचा सूर लावताना त्याचा आवाज सरळ फाटतो आणि तो तसाच ठेवलाय. मला वाटलं फाइलच खराब आहे.)

बकऱ्याबद्दलही एक सांगून ठेवतो, तुमच्या मनावरचं ओझं किलोभर तरी उतरेल. १९६६ मध्ये लॉस एंजेलिसला ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’ हा बँड निघाला. नील यंग टोरोंटोहून जुनी शववाहिका चालवत तिथे पोचला होता, आणि ती गाडी ट्रॅफिकमध्ये दिसल्यावरूनच बँडमधला पुढचा साथीदार स्टीफन स्टिल्सने त्याला ओळखला, ही तर दंतकथाच झालीय. या बँडच्या पहिल्या अल्बमातली नील यंगची बरीचशी गाणी नील यंगला गाऊ दिली नाहीत. बँडमधल्याच रिची फ्युरेने गायली. आवाज विचित्र आहे असं बँडवाल्यांनाच वाटत होतं. तेव्हा कानावर उशी घेणारे तुम्ही एकटे नव्हता, आणि पहिलेही नव्हता.

आता ऐकायचं कसं. तुम्ही १९६८ पासून क्रमाने सुरुवात करून वहीत नोंदी ठेवताय, आणि १९८२ ला ‘ट्रान्स’पाशी अडकलात. साहजिक आहे, तिथे सगळेच अडकतात. सरकारी फायलीसारखं आवक क्रमांकाने जायचं सोडून द्या. या माणसाचं वळणच असं आहे की त्याचा पुढचा अल्बम कशाने ठरला हे पुष्कळदा शरीरावर अवलंबून असतं. ‘हार्वेस्ट’ एवढा मऊ का? पाठ गेली होती, कंबरेला पट्टा, जड इलेक्ट्रिक गिटार उभ्याने पेलवत नव्हती, शेवटी ऑपरेशन झालं. म्हणून बसून, अकूस्टिक. १९९२ चा ‘हार्वेस्ट मून’ पुन्हा तितकाच मऊ का? त्याआधीच्या दौऱ्यात इतक्या मोठ्या आवाजात वाजवलं की कानात सतत गुणगुण सुरू झाली, मोठा आवाज सोसेना. लहानपणी, १९५१ मध्ये, पोलिओही होऊन गेलेला. सालांच्या यादीपेक्षा या धाग्याने गेलात तर अल्बम एकमेकांशी बोलायला लागतील.

मी तुमच्या जागी असतो तर ‘हार्वेस्ट’नंतर दोन पावलं मागे गेलो असतो. १९७० चा ‘आफ्टर द गोल्ड रश’, मग १९६९ चा ‘एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर’. या दुसऱ्यातली तीन मोठी गाणी त्याने एकशेतीन ताप असताना अंथरुणात लिहिली असं तोच सांगतो. त्यातल्या ‘सिनॅमन गर्ल’च्या शेवटी गिटारचं सोलो आहे ते जवळजवळ एकाच सुरावर. एकच सूर, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी निराळ्या वजनाने. ज्याने लहानपणी पहाटे तंबोऱ्याजवळ षड्ज लावून बसलेला माणूस पाहिलाय त्याला यात गंमत वाटेल. इतरांना वाटतं की याला वाजवता येत नाही.

मग चरात उतरा. पण सावकाश, एका आठवड्याला एकच. आणि अल्बम दोन भागांत ऐका, एलपीच्या दोन बाजूंसारखा. फोनवर तो सलग वाजतो, पण केलाय बाजू धरून. ‘ऑन द बीच’च्या पहिल्या बाजूला पाच गाणी आहेत, बरीचशी चिडलेली. दुसऱ्या बाजूला फक्त तीन, लांबलचक, संथ. शेवटचं ‘अ‍ॅम्ब्युलन्स ब्लूज’ नऊ मिनिटांच्या आसपास जातं. (हा अल्बम करताना स्टुडिओत मधात कालवून काय खाल्लं जायचं ते मी इथे लिहीत नाही. पण तो संथपणा कुठून आला हे कळायला मदत होते.) तुम्ही म्हणता, हॉस्टेलवर रात्री जे कधी संपायचंच नाही असं वाटायचं, ते बहुधा हेच.

आणि कव्हर नीट बघा. कॅसेटवर तुमच्या मित्राच्या बॉलपेनमधली अक्षरं होती, तेव्हा हे तुम्ही तेव्हा पाहिलेलं नाही. सांता मोनिकाचा समुद्रकिनारा, आभाळ फिकं. पिवळं जाकीट घातलेला माणूस पाठमोरा, पाण्याकडे तोंड करून उभा. अलीकडे वाळूत कॅडिलॅक गाडीचं शेपूट तेवढं वर आलंय, बाकी गाडी जणू गाडली गेलीय. टेबल, खुर्च्या, छत्री, कुंडीतलं ताडाचं झाड. खाली पडलेल्या वर्तमानपत्रात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा द्यावा अशी मागणी असल्याची बातमी. रेकॉर्ड आली जुलैमध्ये, निक्सन पायउतार झाले ऑगस्टमध्ये. मी या चित्राकडे गाण्यांपेक्षाही जास्त वेळ पाहिलं असेल.

शब्द कळत नाहीत म्हणून तुम्ही प्रत्येक ओळ शोधून वाचताय, तेही थोडं थांबवा. ‘अ‍ॅम्ब्युलन्स ब्लूज’च्या ओळींचा नीट अन्वय लावू गेलात तर इंग्रजी मातृभाषा असलेलाही हात टेकतो. आधी चार वेळा नुसतं ऐका, मग वाचा. उलट क्रमाने केलं की गाणं हे वाचलेल्या लेखाचं उदाहरण होऊन बसतं.

‘ट्रान्स’कडे मात्र एकदा परत जा, आणि त्या वेळी लेकीला शेजारी बसवा, कारण ती ‘ऑटोट्यून (गाणाऱ्याचा सूर यंत्राने बदलणं) आम्ही शोधला’च्या पिढीतली आहे. १९८२ साली नील यंगने यंत्रातून आवाज काढून गाणी केली, शब्द जेमतेम समजतात. लोकांना वाटलं वेड लागलं. त्याच्या नव्या रेकॉर्ड कंपनीने पुढच्या वर्षी तर त्याच्यावर दावाच ठोकला, की हा नील यंगसारखं संगीत करत नाही! त्याचा मुलगा बेन सेरेब्रल पाल्सीने जन्मापासून बोलू शकत नव्हता. त्याच्याशी संवाद साधायची यंत्रांशी झटापट घरात चालू होती. नंतर नील यंगने सांगितलं की ती गाणी त्याच धडपडीबद्दल होती, शब्द न समजणं हाच त्यातला मुद्दा होता. १९८६ मध्ये त्याच्या बायकोने, पेगी यंग यांनी, अशा मुलांसाठी ब्रिज स्कूल ही शाळा उभारण्यात पुढाकार घेतला आणि तिच्यासाठीचे जलसे तीस वर्षं चालले. म्हणजे तुम्ही हॉस्टेलवर उशी दाबत होतात त्याच वर्षी. हे कळल्यावर अल्बम आवडेलच असं नाही. मला अजून निम्माच आवडतो. पण वहीत ‘टाकाऊ’ असा शेरा मारलाय तो खोडावासा वाटेल.

रेकॉर्ड प्लेअरबद्दल पटकन. आता घेऊ नका. चाळीस हजार हा आकडा प्लेअरचा आहे. त्याला अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, आणि मग रेकॉर्डी लागतात, आणि जुन्या रेकॉर्डी पावसाळ्यात बुरशी धरतात, उन्हाळ्यात माळ्यावर ठेवल्या तर पापडासारख्या वाकतात. तुमच्या पत्नीचा विरोध गाण्याला नसून हॉलमधल्या जागेला आहे असा मला संशय आहे. चांगले वायरवाले हेडफोन घ्या, सहा महिने ऐका. सहा महिन्यांनी असा एक अल्बम सांगा जो हातात धरल्याशिवाय चैन पडणार नाही. तो सापडला तर खुशाल घ्या, मीही मग तुमच्या बाजूने बोलेन. नील यंगचं स्वतःचं संकेतस्थळही आहे, फायलींच्या जुन्या कपाटासारखं दिसणारं, एकेक खण उघडायचा; तुम्ही आयुष्यभर ऑफिसात काढलंय, तुम्हाला ते घरच्यासारखं वाटेल.

पत्नीचं म्हणणं, ‘रिटायर झाल्यावर माणसं काशी-रामेश्वर करतात आणि हे कानात बोळे घालून बसतात.’ यातला कानात बोळे हा भाग गांभीर्याने घ्या. रोज तीन तास तुम्ही घरात असून नसता. बाई एकट्या पडल्या असणार. तुम्ही घरी असाल म्हणून त्यांनीही काही ठरवलं असेल. सकाळचा तास तुमचा, तो बंद खोलीत. बाकी वेळ हेडफोन खाली. आणि एक दिवस त्यांना ‘हार्वेस्ट मून’ स्पीकरवर ऐकवा, काहीही न सांगता. तालाबरोबर मागे एक ‘सर्र... सर्र...’ असा आवाज आहे. ओळखा म्हणावं. तो झाडू आहे. खरोखरचा झाडू, जमिनीवर मारलेला. लॅरी क्रॅग नावाच्या माणसाचं नाव श्रेयनामावलीत त्यासाठी छापलंय. तुम्ही महिनोन्‌महिने ऐकूनही ते ओळखलं नसेल. त्या मात्र दहा सेकंदांत ओळखतील असं मी पैजेवर सांगतो.

तुमच्यासारखी पत्रं वर्षाला पाच-सहा तरी येतात. गायक बदलतो, कधी कवी असतो, एकदा तर एका बाईंनी साठीत जडलेल्या बुद्धिबळाबद्दल लिहिलं होतं. सगळ्यांना मी एक सांगतो की पहिल्या महिन्यात ग्रुपवर लिहू नका. नवीन प्रेमात माणूस फार बोलतो, आणि तिथे जे चाळीस वर्षांपासून आहेत त्यांना आपली जागा राखायची असते. ‘आत्ता सापडला होय?’ लिहिणाऱ्याला तुम्ही ‘होय’ एवढंच उत्तर द्या. त्याच्यापुढे त्याला काही सुचत नाही. एखादा गाठीचा माणूस शोधा, एकच. तुमच्या बाबतीत तो कोण हे तुम्हाला माहीत आहे.

तर फोन.

तुम्ही समजताय की तो तिकडे चाळीस वर्षं ती कॅसेट उराशी धरून बसलाय, ‘बकरा’ हा शब्द त्याला अजून टोचतोय, आणि तुम्ही फोन केलात की तुम्हाला आधी माफी मागावी लागेल. असेलही. पण हेही शक्य आहे की त्याला कॅसेट आठवत नाही. लग्नानंतर गाणी सुटली. किंवा तो आता भजनी मंडळात टाळ वाजवतो. किंवा तो म्हणेल, अरे नील यंग तो समोरच्या खोलीतला ऐकायचा, मी कुठे! याची तयारी ठेवून फोन करा. तुम्ही त्याला जे ‘परत’ द्यायला निघालाय ते त्याने हरवलंय असं त्याच्या गावीही नसेल.

‘बकरा’ या नावाबद्दल मात्र तुम्ही हलकेच निसटताय असं वाटलं. तुम्ही लिहिलंय, ‘तोही हसायचा’. हॉस्टेलवर ज्याला नाव पडतं तो हसतोच, दुसरं काय करणार. गाण्याची टिंगल ही एक गोष्ट आणि चार वर्षं त्या नावाने हाक मारणं ही वेगळी. पहिलीबद्दल काही बोलायची गरज नाही, तुमचा कानच आता तिची भरपाई करतोय. दुसरीबद्दल एखादं वाक्य कधीतरी बोला. पहिल्या फोनवर नको, तो विषय त्याच्यावर अचानक टाकल्यासारखा होईल. पण फोन लागला की तोंडून पहिली हाक त्याच्या खऱ्या नावाने गेली पाहिजे. जुनी सवय जिभेवर असते, म्हणून आधी दोनदा म्हणून बघा.

व्हॉट्सअ‍ॅपवर लांब निरोप पाठवू नका. तसला मजकूर माणूस दोनदा वाचतो आणि ‘सावकाश उत्तर देऊ’ म्हणून ठेवून देतो, मग वर्ष जातं. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास सरळ फोन करा. इतक्या महिन्यांचा अभ्यास पाच मिनिटांत सांगू नका. डॅनी व्हिटन, झाडू, निक्सन, यातलं काहीही नको. मुलंबाळं, तब्येत, गुडघे, हे सगळं आधी होऊ द्या, त्यातच पंधरा मिनिटं जातील. मग एकच विचारा, की ती जी कॅसेट तू रात्री वाजवायचास, तिच्या मागच्या बाजूला काय होतं रे?

तुम्हाला उत्तर माहीत आहे. त्याने दुसऱ्याच अल्बमचं नाव सांगितलं तरी दुरुस्त करायला जाऊ नका.